तेच पोलाद, निराळा स्वभाव

आमच्या कर्जत-खालापूरकडे कुणालाही विचारा, विळ्याला लोहार 'पाणी पाजतो' म्हणजे काय हे तो सांगेल. लोखंड तेच, पण तापवून पाण्यात बुडवलं की त्याचा स्वभाव पालटतो. खोपोलीचा पोलादाचा इतिहास वाचताना मला हा लोहार सारखा आठवतो.

खोपोलीचा इतिहास आपण सनावळीत सांगतो. १९१५ साली घाटमाथ्यावरच्या तलावांच्या पाण्यावर टाटांचं वीजघर सुरू झालं. १९६२ मध्ये महिंद्रांनी फ्रान्सच्या युजीन कंपनीच्या सहकार्याने मिश्रपोलादाची कंपनी स्थापन केली. पुढे नावं बदलली, मालक बदलले. पण पोलादात क्रोमियम, निकेल, मँगनीज घातलं की काम झालं, असा आपला समज असतो. तसं नाही, मंडळी!

तारेचंच पहा. सोनार जंतरातून तार ओढतो तशीच पोलादाचीही ओढतात. मात्र ओढता ओढता ती ताठर होते आणि तुटते. १८५४ साली बर्मिंगहॅमच्या जेम्स हॉर्सफॉल यांनी तार तापवून बेताने थंड करण्याच्या कृतीचं पेटंट घेतलं. आज त्यासाठी तापलेली तार सुमारे ५०० अंशांच्या वितळलेल्या शिशातून नेतात. कार्बन तेवढाच राहतो, पण बारीक थरांत बसतो, आणि तार न तुटता ओढली जाते. १८६६ च्या अटलांटिक केबलला हॉर्सफॉल यांच्याच कारखान्याच्या तारेचं कवच होतं. मँगनीज-क्रोमियम असेल तर हा बदल सावकाश होतो. घाई केली तर तार ठिसूळ राहते.

स्टेनलेस तारेची गंमत आणखी निराळी. तिच्यात १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असलं, तरी ती ४५० ते ८५० अंशांत जास्त वेळ रेंगाळली की कार्बन क्रोमियमला कणांच्या सीमेवर बांधून ठेवतो. शेजारची जागा उघडी पडते आणि तिथे गंज धरतो. तपासणीत क्रोमियम १८ टक्केच भरतं! पुन्हा १०५० अंशांच्या आसपास तापवून झटकन थंड केलं, की ते सगळीकडे पसरतं.

म्हणजे घटक किती, यापेक्षा तो कुठे बसला, हे महत्त्वाचं. आणि ते ठरतं भट्टीपाशी उभ्या असलेल्या माणसाच्या हातून. सनावळीत कंपन्यांची नावं आहेत, त्या माणसाचं नाही. तुमच्या घरात असं कुणी असेल, तर त्यांच्याकडून ऐकून लिहून ठेवा. हा इतिहास दुसरं कुणी लिहिणार नाही.