सात्सुकीचं कूळ, वऱ्हाडातलं ऍडेनियम

बहरातला अझेलियाचा बोन्साय पहिल्यांदा पाहणाऱ्याला झाड दिसतच नाही, नुसती फुलंच दिसतात. पान झाकलेलं, फांद्या झाकलेल्या आणि खाली मनगटाएवढा जाड, जुना बुंधा. एकाच झाडावर एक फूल पांढरं, दुसरं गुलाबी, तिसऱ्यावर लाल रेघा. जपानमध्ये या जातीला सात्सुकी म्हणतात. जुन्या पंचांगातल्या पाचव्या महिन्यात, म्हणजे आपल्या मे-जूनच्या सुमाराला ती फुलते.

सात्सुकीचं कूळ दोन रानटी झुडपांकडून आलं. एक नदीकाठच्या खडकांत वाढणारं, दुसरं दक्षिण जपानच्या किनाऱ्यावरचं, गोल पानांचं. दोघांचा संकर होत गेला. त्यातच कधी एखाद्या फांदीला अचानक वेगळ्याच रंगाचं फूल येई. ती फांदी लावली की नवा वाण तयार. एदो, म्हणजे आजच्या तोक्योजवळच्या सोमेई गावात इतो इहेई नावाचा रोपवाटिकावाला माळी होता. त्याने 1692 साली अझेलियांवर पाच भागांचं पुस्तक छापलं. त्यात तीनशेच्या वर वाण नावानिशी, चित्रांसह नोंदवलेले आहेत. मला या साऱ्या कुळकथेत हा माळीच सर्वांत मोठा वाटतो. फुलं अनेकांनी फुलवली. कोणतं फूल कसं, त्याचं नाव काय, हे त्याने कागदावर उतरवलं, म्हणून पुढच्या पिढ्यांना मागचा धागा धरून पुढे जाता आलं.

दुसरं देणं मातीचं. तोक्योच्या उत्तरेला तोचिगी प्रांतात कानुमा शहर आहे. सुमारे 45,000 वर्षांपूर्वी आकागी ज्वालामुखीचा उद्रेक झाला. तेव्हा पडलेल्या सच्छिद्र, पिवळसर खड्यांचा थर तिथल्या शेतांखाली आहे. हे खडे बोटांनी चुरगळतात. पाणी धरून ठेवतात, तरी मुळांना हवा मिळते. आणि मुख्य म्हणजे ते आम्लधर्मी असतात. अझेलियाला नेमकं हेच हवं. वाळवून, चाळून हे खडे कुंडीत भरतात. कानुमा ही सात्सुकीची पेठ झाली ती या थरामुळे.

अझेलियाची तऱ्हा पाइनच्या अगदी उलट. पाइनचा जोर शेंड्याकडे, हिचा खालच्या फांद्यांकडे. म्हणून छाटणी करताना खाली हात सैल सोडायचा आणि शेंडा जपायचा. लाकूड ठिसूळ, तार गुंडाळून घाईने वाकवलं तर फांदी खांद्यातूनच फाटते. बहर ओसरला की प्रत्येक फूल देठाजवळच्या बीजांडकोशासकट खुडायचं, नाहीतर झाडाची ताकद बी धरण्यात जाते. मोठ्या झाडावर हे काम दिवसच्या दिवस चालतं. तरुण झाडाच्या कळ्या तर काही जण वर्षानुवर्षं उमलूच देत नाहीत. प्रदर्शनातला आठवड्याचा बहर अशा संयमातून येतो.

महाराष्ट्रात ही कला रुजवण्यात मुंबईच्या इंडो-जपानी असोसिएशनच्या बोन्साय स्टडी ग्रुपचा आणि ज्योती व निकुंज पारेख यांचा वाटा मोठा. पुण्यात प्राजक्ता काळे यांनी 2018 साली 'बोन्साय नमस्ते' हे आंतरराष्ट्रीय संमेलन भरवलं. कला आली, पण सात्सुकी काही वऱ्हाडापर्यंत पोचली नाही. त्याचं कारण आपल्या पायाखाली आहे.

पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा मिळून सुमारे 4,700 चौरस किलोमीटरचा खारपाण पट्टा आहे. दर्यापूर, अकोटकडच्या गावांत विहीर खणली तर पाणी लागतं, पण खारं. त्या पाण्यावर कुंडी जगवली की महिन्या-दोन महिन्यांत काठावर पांढरा खार चढतो. नखाने खरवडला की भुकटी निघते. आपल्या काळ्या मातीचा सामू बहुतेक ठिकाणी 8 च्या आसपास, अझेलियाला हवा साडेचार ते सहा. इतक्या चुनखडीच्या मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. मग पान पिवळं पडतं, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात आणि झाड वाळत जातं. पावसाचं पाणी साठवून एखादी कुंडी जगवता येईलही, पण मे महिन्यात पारा 45 च्या वर गेल्यावर सावलीसुद्धा तिला पोळते.

वऱ्हाडच्या हौशी माणसाने मग काय फुलवावं? माझं उत्तर ऍडेनियम. त्याचंही कूळ ऐकण्यासारखं आहे. डेन्मार्कच्या राजाने अरबस्तानात एक मोहीम पाठवली होती. तिच्यातला वनस्पतिशास्त्रज्ञ फोर्स्कॉल याने येमेनमध्ये हे फुगीर बुंध्याचं झाड टिपून ठेवलं आणि 1763 च्या जुलैत तो तिथेच तापाने वारला. त्याचा सोबती कार्स्टन नीबुर त्याच वर्षी मुंबईला आला. घारापुरीची लेणी त्याने मोजली, रेखाटली. मोहिमेतून तो एकटाच जिवंत परतला आणि 1775 साली त्याने मित्राची टिपणं छापली. ऍडेनियम विज्ञानाच्या वहीत चढलं ते त्या पुस्तकातून.

खडकाळ, तापलेल्या मुलखातलं हे झाड बुंध्यात पाणी साठवतं. थंडीत पानं गाळतं, तेव्हा पाणी जवळजवळ बंद ठेवायचं. निव्वळ काळी माती मात्र त्याला चालत नाही. पावसाळ्यात ती फुगून मुळांचा श्वास कोंडते आणि बुंधा आतून सडतो. जाड रेती, विटांचे बारीक तुकडे, थोडं शेणखत, एवढं पुरे. कुंडी बदलताना दर वेळी झाड बोटभर वर उचलून लावायचं. असं करता करता मुळ्या उघड्या पडतात आणि बोन्सायचं रूप येतं. सात्सुकी जपानमध्ये फुलते त्याच मे महिन्यात, अकोल्याच्या गच्चीवर, भर उन्हात हे फुलतं.

शेंगा जोडीने येतात, शिंगांसारख्या. तडकायच्या आत त्यांना दोरा गुंडाळावा लागतो, कारण बियांच्या दोन्ही टोकांना कापसासारखा झुपका असतो आणि वारा सुटला की पीक उडून जातं. बियांपासून येणारं रोप आईबापासारखं क्वचितच निघतं. म्हणजे इथल्या गच्च्यांवर आज फुलणारी कितीतरी ऍडेनियम जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. आपल्या प्रदर्शनांतल्या कुंड्यांवर मात्र मालकाचं नाव आणि बक्षिसाचा क्रमांक तेवढा असतो. त्या चिठ्ठीवर झाडाला दिलेलं नाव, शेंग कुणाच्या झाडाची, बी कोणत्या साली पेरलं आणि पाणी विहिरीचं की नळाचं, एवढं तरी लिहायला लागू या. अकोल्यात 1969 पासून पंजाबराव देशमुखांच्या नावाचं कृषी विद्यापीठ उभं आहे. अशा चिठ्ठ्या दर वर्षी गोळा करून तिथे जपल्या, तर खाऱ्या पाण्यावर तगणारे वाण निवडायला फार वर्षं लागणार नाहीत.