गाडी कोणाची, रस्ता कोणाचा, कर कोणाचा?

चिंचोळी एमआयडीसीत पाळी सुटण्याच्या वेळी पुणे-सोलापूर महामार्गाच्या कडेला उभे राहावे. हप्त्यावर घेतलेल्या दुचाकीवर दोघे-तिघे, वडापमध्ये कोंबलेले दहा-बारा, एसटीची वाट बघणारे कंत्राटी कामगार आणि शेजारून एकट्या माणसाला घेऊन सुसाट जाणारी एसयूव्ही. मोटारींच्या इंजिनाचे कॅमशाफ्ट इथल्या कारखान्यात बनतात, पण बनवणारा घरी जातो तो वडापला लटकून. आपल्या समाजाचे अर्थशास्त्र असे रोज रस्त्यावर दिसते.

या सगळ्यांकडून सरकार कर घेते. कोणाकडून किती घेते आणि त्या पैशाचे काय करते, हा प्रश्न आहे. "गाडीचा कर हा गाडीवाल्यांचा विषय, चळवळीचा नव्हे," असे आमच्या बैठकांतही ऐकू येते. आम्हाला ते मान्य नाही. इतिहास पाहिला तर हा विषय आपल्या चळवळीच्या अगदी जवळचा निघतो.

१९२७ : एकाच वर्षातल्या तीन गोष्टी

१९२७ म्हटले की आपल्याला चवदार तळे आठवते. त्याच वर्षी २४ फेब्रुवारीला, महाडच्या आधी महिनाभर, बाबासाहेब मुंबई विधिमंडळात अर्थसंकल्पावर बोलले. त्यांचा मुद्दा असा होता : आयकर उत्पन्न झाले तरच द्यावा लागतो आणि लहान उत्पन्नाला त्यात सूट असते. जमीनमहसूल मात्र पीक येवो न येवो, जमीन अर्धा एकर असो की हजार एकर, सगळ्यांना भरावा लागतो. मोठ्याला सवलत आणि लहानाला सक्ती, ही करपद्धती अन्यायाची आहे. भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवर १९२५ साली ग्रंथ प्रसिद्ध केलेला अर्थतज्ज्ञ हे बोलत होता. कराचा बोजा ऐपतीप्रमाणे असावा, हे सूत्र आपल्याला तिथून मिळते.

त्याच वर्षाच्या अखेरीस मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली रस्तेविकास समिती नेमली गेली. मोटारी वाढल्या होत्या, रस्ते उखडत होते आणि जिल्हा मंडळांकडे दुरुस्तीला पैसा नव्हता. समितीच्या शिफारशीवरून १९२९ मध्ये पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जादा कर बसला आणि त्यातून केंद्रीय रस्ता निधी उभा राहिला. जो जास्त गाडी फिरवेल तो रस्त्यासाठी जास्त पैसे देईल, असा त्यामागचा विचार. त्या काळी पेट्रोल जाळणारा म्हणजे बहुधा श्रीमंतच, त्यामुळे हा कर बराचसा न्याय्य होता.

आणि १९२९ मध्येच चाळीसगावला काय घडले, ते 'वेटिंग फॉर अ व्हिसा' वाचलेल्यांना माहीत आहे. टांगेवाल्यांनी बाबासाहेबांना नेण्यास नकार दिला. मग टांगा भाड्याने घेऊन समाजातल्याच एका नवख्या माणसाने तो हाकला. टांगा उलटला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. बॅरिस्टर झालेल्या, समितीचा सदस्य म्हणून आलेल्या माणसाला वाहन मिळाले नाही. त्याआधी लहानपणी मसूर स्टेशनवरून गोरेगावला जाताना गाडीवानाने भावंडांकडून दुप्पट भाडे घेतले आणि गाडी त्यांनाच हाकायला लावली. अस्पृश्यता हा एक करच होता. तो सरकार नव्हे, समाज वसूल करत असे.

एसटी आली, आणि तिच्यावर करही आला

१ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. गाव सोडून शिकायला जाणाऱ्या आपल्या पहिल्या पिढीसाठी एसटी म्हणजे काय होते, ते घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. तिकिटावर जात लिहिलेली नसते. ज्याने पैसे दिले त्याला जागा, हा नियम गावाच्या नियमापेक्षा वेगळा होता.

पण १९५८ मध्ये दोन कायदे झाले. एक मोटार वाहनांवरील कराचा, दुसरा प्रवाशांवरील कराचा. या दुसऱ्या कायद्यामुळे एसटीच्या भाड्यावर आज १७.५ टक्के प्रवासी कर लागतो. मोहोळहून चिंचोळीला कामाला येणारी बाई प्रत्येक फेरीला हा कर देते. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत निम्मे तिकीट आहे आणि ते स्वागतार्हच आहे. पण एका हाताने सवलत द्यायची आणि दुसऱ्या हाताने गरिबाच्या प्रवासावर कर घ्यायचा, हे धोरण कसले?

खाजगी मोटारीचा हिशेब याच्या उलट आहे. तिचा कर एकरकमी, नोंदणीच्या वेळी किमतीवर. पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के, वीस लाखांपर्यंत १२ आणि त्यापुढे १३ टक्के. दोन्ही करांचा पाया वेगळा आहे, हे खरे. पण एकदा भरणा झाला की ती गाडी वर्षाला दोन हजार किलोमीटर फिरो वा पन्नास हजार, या कराला फरक पडत नाही. विनाकारण गाडी काढण्याला तो आळा घालत नाही. बसने जाणाऱ्याला मात्र दर फेरीला मोजावे लागतात.

त्यात २०१७ पासून कराला २० लाखांची कमाल मर्यादा घातली गेली. २०२५ मध्ये ती ३० लाख झाली. हिशेब करू या. चार कोटींच्या मोटारीला ३० लाख म्हणजे साडेसात टक्के. जुन्या मर्यादेत तर पाचच टक्के. चिंचोळीतला कामगार ९० हजारांची ११० सीसीची दुचाकी घेतो, तेव्हा त्याला ११ टक्के, म्हणजे ९,९०० रुपये भरावे लागतात. १९२७ मध्ये बाबासाहेबांनी दाखवलेला अन्याय तो हाच.

१९७५ : महाराष्ट्राने एकदा करून दाखवले होते

१९७२ चा दुष्काळ सोलापूर जिल्ह्याने भोगला. तेव्हा खडी फोडायला कोण होते? भूमिहीन, म्हणजे मुख्यतः आपली आणि आपल्यासारखी माणसे. ज्या रस्त्यांवरून आज गाड्या पळतात, त्यातल्या कितीतरी रस्त्यांखाली त्यांच्या हातची खडी आहे.

वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमी योजनेला पैसा लागणार होता. तो कुठून आला? १९७५ मध्ये व्यवसाय कर सुरू झाला. त्याच्या जोडीला विक्रीकर, बागायती जमीन आणि मोटार वाहने यांवर जादा कर बसवले गेले आणि सरकारने तेवढीच भर घातली. म्हणजे शहरातल्या मोटारवाल्याकडून घेतलेला पैसा खेड्यातल्या मजुराच्या हाताला काम देण्यासाठी वापरला गेला. कोणाकडून घ्यायचे आणि कोणासाठी खर्च करायचे, ही दोन्ही उत्तरे त्यात बरोबर होती. कार्यकर्त्यांनी हे उदाहरण पाठ करून ठेवावे. "असे कुठे असते का?" असे कोणी विचारले तर सांगावे : महाराष्ट्रातच होते.

पुढे उलटा प्रवास सुरू झाला. २०१५ मध्ये राज्यातील ५३ टोलनाक्यांवर मोटारींना सूट मिळाली. त्यात एसटीचाही समावेश होता, एवढे बरे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाचही प्रवेशद्वारांवर हलक्या वाहनांचा टोल माफ झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीत लहान गाड्या आणि दुचाक्या स्वस्त झाल्या; पण मोठ्या एसयूव्हीवरचा उपकरासह ५० टक्क्यांपर्यंत जाणारा करही ४० वर आला.

ट्रकचे काय?

इथे न्यायाने बोलले पाहिजे. रस्ता सर्वांत जास्त उखडतो तो अवजड वाहनांमुळे. अमेरिकेत १९५८ ते १९६० दरम्यान झालेल्या प्रसिद्ध चाचणीतून असा अंदाज निघाला की ॲक्सलवरचे वजन दुप्पट झाले तर रस्त्याची हानी सुमारे सोळा पट होते. म्हणजे एक टनाच्या ॲक्सलच्या तुलनेत दहा टनांचा ॲक्सल जवळपास दहा हजार पट नुकसान करतो. २०१८ मध्ये केंद्राने चार टायरच्या ॲक्सलची मर्यादा १०.२ वरून ११.५ टन केली, तेव्हा रस्त्यांच्या दुरुस्तीचा खर्च कोणावर पडणार, ही चर्चा झालीच नाही.

म्हणून अवजड वाहनावर वजनाप्रमाणे आणि अंतराप्रमाणे कर असावा, हे आम्हाला मान्य आहे. पण ट्रक म्हणजे ड्रायव्हर नव्हे. जादा माल भरायचा निर्णय ड्रायव्हर घेत नाही. माल पाठवणारा आणि मालक घेतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ओव्हरलोडला २० हजार रुपये आणि वर प्रत्येक टनाला दोन हजार दंड आहे. कायद्यात चालवणाऱ्याइतकाच चालवायला लावणाराही दोषी आहे. मग दंड खऱ्या मालकाकडून वसूल करा, क्लीनर-ड्रायव्हरच्या भत्त्यातून नको.

"आता कुठे आपली पोरे गाडी घेतायत"

हा आक्षेप आम्ही गंभीरपणे घेतो. ज्यांच्या आज्याला टांग्यात बसू दिले नाही, त्यांच्या नातवाने चारचाकी घेतली तर तो आनंदाचाच दिवस. घोड्यावर बसला म्हणून नवरदेवाला मारणाऱ्या देशात वाहन ही प्रतिष्ठेची गोष्ट आहे. त्या प्रतिष्ठेवर कोणी कर मागत नाही.

पण २०११ च्या जनगणनेत देशातल्या ४.७ टक्के कुटुंबांकडेच मोटार होती. दुचाकी २१ टक्के आणि सायकल ४४.८ टक्के कुटुंबांकडे. त्यानंतर आकडे वाढले असतील, तरी बहुसंख्य बहुजन आजही बस, सायकल आणि पायीच आहेत. आपली लढाई मोजक्यांच्या मोटारीसाठी नाही, सगळ्यांच्या प्रवासासाठी आहे. आणि जड गाडीवर जास्त कर ही काही वेडी कल्पना नव्हे. फ्रान्समध्ये जड मोटारीवर वजनाप्रमाणे कर आहे. पॅरिसच्या मतदारांनी २०२४ मध्ये जड गाड्यांचे पार्किंग तिप्पट महाग करायला कौल दिला. सिंगापूरने १९७५ पासून गर्दीच्या वेळी शहराच्या मध्यात शिरणाऱ्या मोटारींकडून पैसे घेतले आणि सुरुवातीला चार माणसे बसलेल्या मोटारीला सूट दिली. पॅरिसमध्ये १९७१ पासून मालक लोक कामगारांच्या एकूण पगारानुसार सार्वजनिक वाहतुकीसाठी कर भरतात.

मागायचे काय?

पहिले, एसटीवरचा प्रवासी कर रद्द करा. दुसरे, महागड्या मोटारींच्या कराची कमाल मर्यादा काढा आणि किमतीबरोबर वजनाचाही विचार करा. तिसरे, कामगाराच्या लहान दुचाकीचा कर कमी करा. चौथे, या वाढीव पैशाचा स्वतंत्र निधी करा, जसा १९७५ मध्ये केला होता, आणि त्यातून चिंचोळीसारख्या प्रत्येक औद्योगिक वसाहतीत पाळीच्या वेळेला बस द्या. पाचवे, त्या बससाठी कारखानदारांकडूनही वर्गणी घ्या. माथाडी मंडळ मालकाकडून लेव्ही घेते, तसेच.

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत वाहनकर हा राज्यांचा विषय आहे आणि ३९ व्या अनुच्छेदात संपत्तीचे केंद्रीकरण टाळण्याचे मार्गदर्शक तत्त्व आहे. त्यामुळे दिल्लीकडे बोट दाखवून मुंबईला सुटता येणार नाही. पुढच्या अर्थसंकल्पाच्या आधी या पाच मागण्या प्रत्येक शाखेने ठरावात घ्याव्यात आणि आपापल्या आमदाराला लेखी द्याव्यात. कामगारांना सोबत घेऊन द्याव्यात. मागणी त्यांची आहे.

जय भीम!