खाडा आणि रजा : खानदेशातील पगारी सुट्टीची वाटचाल

खानदेशातल्या मजुराकडे न भरलेल्या दिवसासाठी दोन शब्द आहेत. मालकाने दिली ती सुट्टी आणि मजुराने घेतला तो खाडा. हिशेबाच्या दिवशी मात्र पिढ्यान्‌पिढ्या दोन्हींचा अर्थ एकच निघाला : त्या दिवसाचा पैसा नाही. कामगार चळवळीचा इतिहास लिहिताना आपण संप, मोर्चे आणि गोळीबार यांची नोंद घेतो. घरी बसलेल्या दिवसाचा पगार कधी मिळू लागला आणि तो कोणाला मिळाला, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. जळगाव-धुळ्याकडच्या जिन आणि गिरण्यांच्या संदर्भात त्याचे उत्तर शोधण्याचा हा प्रयत्न आहे.

सुरुवात जिनपासूनच करावी लागते. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-६५) हिंदुस्थानातल्या कापसाला विलायतेत मागणी आली, त्याच सुमारास खानदेशातून रेल्वे गेली आणि तिच्या कडेने जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले. मुंबई सरकारने १८८४ साली कारखान्यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला. त्याच्यापुढे खानदेशातल्या जिनविषयी जी साक्ष झाली, ती आजही वाचवत नाही. हंगाम सुमारे आठ महिन्यांचा. त्यातले पाच महिने पहाटे पाचपासून रात्री दहापर्यंत काम आणि उरलेले तीन महिने रात्रंदिवस. मजुरांत बहुतेक बायका. जेवणासाठी यंत्र थांबत नसे, म्हणून त्या रेच्याजवळच भाकरी खात. अशा ठिकाणी सुट्टी म्हणजे मजुराचे शरीर थकून कोसळणे, आणि तो कोसळला की त्याच्या जागी दुसरा येई.

याच आयोगाच्या निमित्ताने सप्टेंबर १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले आणि त्यातली पहिली मागणी होती रविवारच्या सुट्टीची. ती मान्य व्हायला सहा वर्षे लागली. १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी कबूल केली आणि १८९१ च्या कारखाना कायद्याने आठवड्याची सुट्टी देशभर लागू केली. लोखंड्यांचे हे ऋण मोठे आहे. पण एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी : कायद्याने त्या दिवशी काम बंद केले, त्या दिवसाचा पगार द्यायला मात्र सांगितले नाही. रोजावर किंवा मापावर काम करणाऱ्याला रविवारी विश्रांती मिळाली, ती स्वतःच्या खर्चाने.

खानदेशात जळगावची खानदेश मिल १८७० च्या दशकातली. विसाव्या शतकात अमळनेरची प्रताप मिल, पुढे धुळ्याची न्यू प्रताप मिल आणि चाळीसगावची गिरणी आली. इथला कामगार मुंबईच्या कामगारापेक्षा एका बाबतीत वेगळा होता. त्याचे गाव फार लांब नव्हते. पेरणी, कापणी, लग्नसराई आणि आखाजी यांचे कॅलेंडर त्याच्या अंगात भिनलेले होते. गिरणीचे कॅलेंडर निराळे. गावी गेलेल्या कामगाराचा पगार तर बुडेच, शिवाय परत येईपर्यंत त्याच्या साच्यावर बदली कामगार उभा असे. म्हणून चार दिवसांच्या खाड्याची किंमत चार दिवसांच्या रोजाहून किती तरी जास्त होती. अमळनेरला शिक्षक असलेले आणि १९३८ पासून तिथूनच ‘काँग्रेस’ साप्ताहिक चालवणारे साने गुरुजी या कामगारांच्या बाजूने उभे राहिले, तेव्हा भांडण केवळ दोन आणे वाढवून मागण्याचे नव्हते, माणूस म्हणून मिळणाऱ्या वागणुकीचेही होते.

बाहेरच्या जगात तोवर वारे फिरले होते. १९३६ साली आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने पगारी रजेचा करार मंजूर केला : वर्षभराच्या नोकरीनंतर किमान सहा कामाचे दिवस. त्याच वर्षी फ्रान्समधल्या कामगारांनी दोन आठवड्यांची पगारी रजा मिळवली. आपल्याकडे ही कल्पना कायद्यात आली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना. १९४५ च्या दुरुस्तीने प्रौढ कामगाराला बारा महिन्यांच्या सलग नोकरीनंतर दहा दिवसांची आणि बालकामगाराला चौदा दिवसांची पगारी सुट्टी मिळाली. १ जानेवारी १९४६ पासून ती अमलात आली.

पण ही तरतूद बारमाही कारखान्यांसाठी होती, हंगामी कारखाने तिच्याबाहेर राहिले. अमळनेरच्या साच्यावरच्या कामगाराला हक्क मिळाला आणि ज्या जिनमधल्या बायकांची हकिगत १८८४ च्या आयोगाने ऐकली होती, त्यांच्या लेकीसुनांना तो मिळाला नाही. खानदेशच्या बाबतीत मला ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते.

१ एप्रिल १९४९ पासून लागू झालेल्या कारखाना अधिनियम, १९४८ ने पगारी रजेला स्वतंत्र प्रकरण दिले. १९५४ च्या दुरुस्तीनंतर त्याचा गाभा असा ठरला : वर्षात २४० दिवस काम केले, तर केलेल्या दर वीस दिवसांमागे एक दिवस रजा. न वापरलेली रजा तीस दिवसांपर्यंत पुढे नेता येते. मधले सणवार आणि साप्ताहिक सुट्ट्या रजेत धरायच्या नाहीत. रजेचा पगार महागाई भत्त्यासह द्यायचा. रजा चार दिवसांहून कमी नसेल, तर पैसे रजेवर जाण्यापूर्वी हातात पडले पाहिजेत.

ही शेवटची अट ज्याने घातली, त्याला कामगाराचे घर माहीत असावे. रिकाम्या खिशाने गावी जाणे ही रजा नव्हेच. माझ्या परिचयातल्या एका निवृत्त गिरणी कामगाराने आपले रजा-पुस्तक लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यात जपून ठेवले आहे. त्यातल्या नोंदी पाहिल्या, तर बहुतेक रजा चैत्र-वैशाखातल्या. आखाजीला लेक माहेरी येई तेव्हा बाप घरी असे, आणि त्या दिवसांचा पगारही असे. हक्क प्रत्यक्षात कसा दिसतो, हे मला त्या पुस्तकातून कळले.

आता पुन्हा जिनकडे वळू. २४० दिवस म्हणजे नऊ महिन्यांहून अधिक काम. दिवाळीच्या आगेमागे सुरू होणारा जिनचा हंगाम आता इतका लांबत नाही. म्हणून हंगामी मजुराला रजा लागूच होत नाही, असा सार्वत्रिक समज आहे. तो अपुरा आहे. १९७६ च्या दुरुस्तीने कलम ७९ मध्ये स्पष्ट केले, की कामगाराला कमी केले किंवा त्याने काम सोडले, तर ठरलेले दिवस पूर्ण भरले नसले तरी केलेल्या कामाच्या प्रमाणात रजेचा पगार द्यावा लागतो, आणि तोही दुसरा कामाचा दिवस संपायच्या आत. समजा, एखादीने १२० दिवस काम केले, तर सहा दिवसांचा पगार. रोज पाचशे रुपये असेल, तर तीन हजार. २०२० साली संसदेने मंजूर केलेल्या श्रमसंहितेने ही प्रमाणशीर रजा कायम ठेवली आणि २४० ची अट १८० दिवसांवर आणली. मात्र विजेवर चालणाऱ्या कारखान्याची व्याख्या दहा कामगारांवरून वीसवर नेली. म्हणजे एका हाताने दिले आणि लहान कारखान्यांपुरते दुसऱ्या हाताने काढले.

नेदरलँड्समध्ये १९६८ च्या कायद्याचे नावच किमान वेतन आणि किमान सुट्टीभत्ता असे आहे. तिथे रजेच्या दिवसांचा पगार तर मिळतोच, शिवाय वर्षाच्या वेतनाच्या किमान आठ टक्के सुट्टीभत्ता मिळतो. सुट्टीला खर्च लागतो, हे कायद्याने गृहीत धरले आहे. आपल्याकडे सालदाराचा करार आजही बऱ्याच गावांत आखाजीला तोंडी ठरतो आणि त्यात खाड्याची वजावट आधी ठरते. शेतात कारखाना कायदा पोहोचत नाही. जिनमध्ये तो पोहोचतो, पण मजुराच्या हाती हजेरीचा कागद नसतो. गिरणी कामगाराकडे रजा-पुस्तक होते म्हणून त्याला हक्क मागता आला.

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा खानदेशातले जिन सुरू होत असतील. हंगाम संपताना सहा दिवसांचा पगार मागायचा, तर पहिल्या दिवसापासून हजेरी लिहून ठेवावी लागेल. साध्या वहीत, तारीखवार, शक्य तर मुकादमाच्या सहीने. एकशे चाळीस वर्षांपूर्वी रेच्याजवळ भाकरी खाणाऱ्या बायकांचे नाव कोणत्याही कागदावर उरलेले नाही. त्यांच्या नातसुनांचे तरी उरावे.