बेपत्ता कुटुंब आणि बंद दार : घरगुती रहस्यकादंबरीची पूर्वपीठिका

लिनवुड बार्कले यांच्या 'नो टाइम फॉर गुडबाय' (२००७) या कादंबरीच्या आरंभी चौदा वर्षांची सिंथिया सकाळी उठते तेव्हा घर रिकामे असते. आदल्या रात्री वडिलांशी तिचे कडाक्याचे भांडण झालेले. आता आई नाही, वडील नाहीत, भाऊ नाही, चिठ्ठीचा कपटाही नाही. घटना १९८३ मधली, कनेटिकट राज्यातील मिलफर्ड या लहान शहरातली. तिचा उलगडा मात्र पंचवीस वर्षांनंतर, सिंथियाच्या शिक्षक नवऱ्याच्या निवेदनातून होत जातो. अशा कथनांना 'डोमेस्टिक न्वार' हे नाव ज्यूलिया क्राउच या इंग्रज लेखिकेने २०१३ मध्ये दिले आणि प्रकाशकांनी ते तत्परतेने उचलले. नाव अलीकडचे असले तरी वस्तू अलीकडची नाही. रंजनपर वाङ्मयाचा एक नवा बाजारी प्रकार म्हणून तिची वासलात लावणाऱ्या समीक्षेला हे ध्यानात घ्यावे लागेल की, या कथनांतील गुपिते जवळजवळ दीडशे वर्षे तीच राहिली आहेत : दुसरे लग्न, अनौरस जन्म, खोटे नाव. ती तीच का राहिली, हा वाङ्मयेतिहासाचा प्रश्न आहे.

रहस्यकथेची वंशावळ सांगताना एडगर ॲलन पो यांच्या गुप्तहेरापासून आरंभ करण्याची प्रथा रूढ आहे. घरगुती रहस्यकादंबरीपुरती ती दिशाभूल करते. येथे गुप्तहेर असला तरी दुय्यम असतो, पुष्कळदा तो नसतोच. शोध घेणारा घरातलाच, आणि ज्याचा शोध घ्यायचा तोही घरातलाच. या कथनाचे मूळ १८६० च्या दशकातील इंग्रजी 'सनसनाटी' कादंबरीत आहे. तिच्या आधीच्या गॉथिक कादंबरीत, म्हणजे हॉरेस वॉलपोल यांच्या 'द कॅसल ऑफ ओट्रँटो' (१७६४) पासून ॲन रॅडक्लिफपर्यंत, भय इटलीतल्या किल्ल्यात आणि गतशतकात वसत असे. वाचक त्यापासून सुरक्षित अंतरावर होता. हे अंतर मिटले. १८६३ मध्ये एच. एल. मॅन्सेल यांनी 'क्वार्टर्ली रिव्ह्यू'तून या कादंबऱ्यांवर कोरडे ओढले तेव्हा त्यांचा मुख्य आक्षेप जवळिकीवरच होता. दोनच वर्षांनी हेन्री जेम्स यांनी नेमक्या त्याच गोष्टीचे श्रेय विल्की कॉलिन्स यांना दिले : आपल्या स्वतःच्या दाराशी असलेली रहस्ये कॉलिन्सनी कादंबरीत आणली, असा त्यांचा अभिप्राय होता. एकाच लक्षणाकडे एक टीकाकार दोष म्हणून आणि दुसरा गुण म्हणून पाहतो, तेव्हा ते लक्षण प्रकाराच्या गाभ्याचे आहे असे समजायला हरकत नाही.

ही जवळीक १८६० च्या सुमारासच का शक्य झाली? इंग्लंडमध्ये १८५७ च्या कायद्याने घटस्फोट प्रथमच दिवाणी न्यायालयाच्या कक्षेत आला. त्यातही पतीला पत्नीचा व्यभिचार सिद्ध करणे पुरेसे होते, तर पत्नीला त्याच्या जोडीला क्रौर्य, परित्याग किंवा तत्सम आणखी एक अपराध सिद्ध करावा लागे. ही विषमता १९२३ पर्यंत टिकली. न्यायालयात उघड झालेले दिवाणखान्यातले तपशील वृत्तपत्रे छापू लागली, आणि १८५५ मध्ये मुद्रांकशुल्क उठल्यामुळे वृत्तपत्रे स्वस्तही झाली होती. जन्ममृत्यूंच्या सरकारी नोंदी १८३७ पासून सुरू होत्या. रेल्वेमुळे माणूस एका गावातून उठून दुसऱ्या गावात निराळ्या नावाने राहू शकत होता. बेपत्ता होणे सोपे झाले त्याच काळात कागद मागे ठेवल्याशिवाय जगणे अवघड झाले. घरगुती रहस्य जन्मते ते या दोहोंच्या कात्रीत.

कॉलिन्स यांच्या 'द वूमन इन व्हाइट'चे कथानक या दृष्टीने पुन्हा पाहण्यासारखे आहे. ही कादंबरी डिकन्सच्या साप्ताहिकातून नोव्हेंबर १८५९ ते ऑगस्ट १८६० या काळात क्रमशः प्रसिद्ध झाली. तिच्यातील सर पर्सिव्हल ग्लाइड या सरदाराचे सारे वैभव एका गुपितावर उभे आहे : त्याच्या आईवडिलांचे लग्नच झालेले नव्हते. ओल्ड वेल्मिंगम या ओसाड होत चाललेल्या गावच्या चर्चमधील विवाहनोंदवहीत, एका पानाच्या तळाशी उरलेल्या मोकळ्या जागेत, तो ही नोंद मागाहून घुसडतो. शेजारच्या गावी एका वकिलाकडे त्याच वहीची प्रत असते आणि त्या प्रतीत ती जागा कोरी असते. गुपिताचा भेद होतो तो कोऱ्या जागेमुळे. रक्ताचा डाग वा साक्षीदार यांची येथे गरजच पडत नाही. सरदारी, मालमत्ता, कुलीनता या साऱ्यांचा आधार चार ओळींची शाई आहे, हे दाखवणारी याहून प्रखर प्रतिमा त्या काळच्या गंभीर मानल्या गेलेल्या कादंबरीतही सहसा सापडत नाही. ॲन कॅथरिकला वेड्यांच्या इस्पितळात डांबले जाते ते तिला हे गुपित ठाऊक आहे या समजुतीने. वस्तुतः तिला ते ठाऊक नसते. गुपित आहे, एवढेच तिला ठाऊक असते. या प्रकारच्या कथनात तेवढेही पुरते.

तिची आई मिसेस कॅथरिक हे कॉलिन्स यांच्या निरीक्षणशक्तीचे खरे फलित म्हणावे लागेल. सरदाराशी संबंध असल्याच्या बदनामीनंतर ही बाई ते गाव सोडून जात नाही. गुपित राखण्याच्या मोबदल्यात मिळणाऱ्या पैशावर ती तेथेच जवळच्या नव्या वस्तीत राहते आणि वर्षानुवर्षांच्या चिकाटीने प्रतिष्ठा परत मिळवते. या प्रतिष्ठेचे तिच्या लेखी एकच माप आहे : रस्त्याने जाणारा धर्मगुरू तिच्या खिडकीकडे पाहून लवून नमस्कार करतो की नाही. तो करतो. लहान गावातील गुपित पुष्कळदा लपलेले नसते. ते न बोलण्याचे ठरलेले असते, आणि त्या ठरावाची रोजची पावती म्हणजे हा नमस्कार. 'झाकली मूठ सव्वा लाखाची' असे आपल्याकडे म्हणतात, त्यातही मुठीत काय आहे याची अटकळ सगळ्यांनाच असते.

या कादंबरीचे शेवटचे भाग प्रसिद्ध होत असतानाच, जून १८६० च्या अखेरच्या रात्री, विल्टशर आणि सॉमरसेट यांच्या सीमेवरील रोड या गावी सॅम्युअल केंट यांच्या घरातून त्यांचा चार वर्षांचाही न झालेला मुलगा नाहीसा झाला. दारेखिडक्यांची आतून व्यवस्था होती, बाहेरचा कोणी आल्याची खूण नव्हती. मुलाचे प्रेत आवारातल्या शौचकूपात सापडले. केंट हे कारखान्यांचे साहाय्यक निरीक्षक. त्यांची पहिली पत्नी वेडी असल्याचे सांगितले जाई, आणि तिच्या मृत्यूनंतर त्यांनी मुलांच्या शिक्षिकेशीच लग्न केले होते. गावात त्यांच्याविषयी प्रेम नव्हतेच. संशय आधी दाईवर आला, कुजबूज केंट यांच्यावरही झाली. लंडनहून आलेले जोनाथन विचर हे १८४२ मध्ये स्थापन झालेल्या गुप्तहेर शाखेच्या पहिल्या आठ जणांपैकी एक होते. धुण्याच्या कपड्यांत एक रात्रीचा झगा कमी भरतो, एवढ्या धाग्यावर त्यांनी पहिल्या पत्नीच्या सोळा वर्षांच्या मुलीला, कॉन्स्टन्सला, अटक केली. दंडाधिकाऱ्यांनी तिला सोडून दिले आणि वृत्तपत्रे विचर यांच्यावर तुटून पडली.

त्या संतापाचे स्वरूप पाहण्यासारखे आहे. माळ्याचा मुलगा असलेला पोलीस सभ्य घरातल्या मुलीचे कपडे मोजतो, नोकरांना मालकांविषयी प्रश्न विचारतो, हेच मुळात असह्य होते; त्याचा निष्कर्ष बरोबर की चूक हा प्रश्न मागे पडला. विचर १८६४ मध्ये निवृत्त झाले. पुढल्याच वर्षी कॉन्स्टन्सने स्वतः होऊन अपराधाची कबुली दिली. केट समरस्केल यांनी २००८ मध्ये या प्रकरणावर लिहिलेल्या ग्रंथात या साऱ्याची साक्षेपी मांडणी केली आहे. बंद दाराआडचे जाणण्याचा अधिकार कोणाला, हा प्रश्न मात्र तेव्हाही सुटला नाही, आणि कादंबरीने तो आपल्याकडे घेतला.

'द मूनस्टोन' (१८६८) मध्ये हा रात्रीचा झगा परत येतो. रक्ताऐवजी त्यावर दाराच्या ओल्या रंगाचा डाग आहे, मुलाच्या प्रेताऐवजी हिरा नाहीसा झालेला आहे, आणि सार्जंट कफ हा विचर यांच्याप्रमाणेच घरातल्या मुलीवर संशय घेऊन हात हलवीत परत जातो. वाळूच्या दलदलीत मोलकरणीने पुरून ठेवलेला झगा फ्रँकलिन ब्लेक बाहेर काढतो तेव्हा त्यावर त्याला स्वतःचेच नाव आढळते. डी. ए. मिलर यांनी 'द नॉव्हेल अँड द पोलीस' (१९८८) मध्ये असे प्रतिपादन केले की, या कादंबरीत पोलिसाची गरज संपते, कारण पाळत ठेवण्याचे काम अवघा समाजच करू लागतो. हे पटण्यासारखे आहे. पण भारतीय वाचकाला त्यात एक गोष्ट राहून गेल्यासारखी वाटेल. त्या यॉर्कशरच्या घरातले गुपित मुळात त्या घरातले नाहीच. हिरा १७९९ मध्ये श्रीरंगपट्टणच्या लुटीत, खून करून मिळवलेला आहे, आणि कादंबरी संपते ती काठेवाडात, सोमनाथाच्या मूर्तीपाशी. इंग्रजी घराच्या तळघरात साम्राज्याची लूट पुरलेली आहे, हे कॉलिन्सनी १८५७ नंतर अवघ्या अकरा वर्षांनी लिहिले. त्यांच्यामागून आलेल्या घरगुती रहस्यकादंबरीने गुपिताला असे घराबाहेरचे मूळ क्वचितच दिले.

मेरी एलिझाबेथ ब्रॅडन यांच्या 'लेडी ऑडलीज सीक्रेट' (१८६२) मध्ये बेपत्ता होणे दुहेरी आहे. नवरा सोने शोधायला ऑस्ट्रेलियाला निघून जातो आणि तीन वर्षे त्याचे पत्र नाही. मागे राहिलेली निर्धन पत्नी नाव बदलते, शिक्षिका होते, एका वृद्ध सरदाराशी लग्न करते. नवरा परतल्यावर वृत्तपत्रात स्वतःच्या मृत्यूची बातमी छापून आणते आणि दुसरीच एक स्त्री तिच्या नावाने पुरली जाते. पुढे नवरा समोर येतो तेव्हा ती त्याला विहिरीत ढकलते. (तो वाचतो, ब्रॅडन यांनी एवढी सवलत वाचकाला दिली.) शेवटी नायिकेला वेडी ठरवून बेल्जममधील एका संस्थेत ठेवले जाते, पण तिची तपासणी करणाऱ्या डॉक्टरचे पहिले मत ती वेडी नाही असेच असते. तिचे प्रत्येक कृत्य दारिद्र्याला दिलेले तर्कशुद्ध उत्तर आहे, हे कादंबरी जवळजवळ उघडपणे सांगते.

मराठीत या काळातले इंग्रजी रहस्य आले ते प्रामुख्याने रेनॉल्ड्सच्या वाटेने. हरिभाऊ आपट्यांची 'मधली स्थिती' (१८८५) रेनॉल्ड्सच्या छायेत लिहिली गेली, आणि गो. ना. दातारांनी त्याच्या कादंबऱ्यांना मराठी वेष चढवला. कॉलिन्सची बंद दाराची कादंबरी मात्र येथे तशी रुजली नाही, आणि याचे एक कारण 'पण लक्षांत कोण घेतो?' या शीर्षकातच असावे. एकत्र कुटुंबाच्या वाड्यात यमूचे जे होते ते कोणापासून लपलेले नाही. सर्वांना ठाऊक आहे, लक्षात मात्र कोणी घेत नाही. जे लपलेलेच नाही त्याचे रहस्य कसे करणार? मराठीत घर 'फुटते' आणि बातमीही 'फुटते', क्रियापद एकच; पण हरिभाऊंच्या कादंबरीत घर फुटण्यासाठी बातमी फुटण्याची आवश्यकता उरत नाही.

विसाव्या शतकात हा प्रकार अमेरिकेच्या लहान शहरांत स्थिरावला. शर्ली जॅक्सन यांच्या 'वुई हॅव ऑल्वेज लिव्ह्ड इन द कॅसल' (१९६२) मध्ये साखरेतील सोमलाने कुटुंब संपते आणि उरलेल्या दोघी बहिणींचा गाव द्वेष करतो. आरोपातून सुटलेल्या थोरलीचे नाव कॉन्स्टन्स आहे, योगायोग असेल. रॉस मॅक्डॉनल्ड यांच्या 'द अंडरग्राउंड मॅन' (१९७१) मध्ये वणवा पेटतो आणि पंधरा वर्षांपूर्वी नाहीसा झालेला बाप स्वतःच्या मोटारीसकट जमिनीखाली सापडतो. मॅक्डॉनल्ड यांचे स्वतःचे वडील त्यांच्या लहानपणीच घर सोडून गेले होते.

या परंपरेत बार्कले यांची कादंबरी ठेवली की तिचे बळ आणि मर्यादा दोन्ही दिसतात. विहीर आणि दलदल यांच्या जागी येथे खाणीतले तळे येते. त्यातून सिंथियाची आई आणि भाऊ असलेली मोटार निघते. वडिलांचे गुपित द्विभार्येचे, दुसऱ्या नावाने दुसऱ्या गावी असलेल्या पहिल्या संसाराचे. घटस्फोट सुलभ झालेल्या समाजात १८६२ चे हे गुपित टिकावे कसे? बार्कले याचे उत्तर पहिल्या पत्नीच्या भीतीत शोधतात : ती इतकी क्रूर आहे की तिला सोडणे बापाला जमले नाही. खुनांचा सारा भार तिच्यावर टाकला जातो आणि दोन घरे चालवणारा पुरुष दुबळा पण प्रेमळ ठरून सुटतो. सिंथियाला वाढवणाऱ्या मावशीला निनावी पाकिटांतून पैसे मिळत राहतात, हा तपशील हृद्य आहे. तोच बापाच्या सुटकेचा पुरावाही होतो. ब्रॅडन यांच्या नायिकेला कारणे होती, बार्कले यांच्या खलनायिकेला फक्त स्वभाव आहे. कथानकाची गती वाढली, कायद्याचे आणि पैशाचे भान मात्र कमी झाले.

गिलियन फ्लिन यांच्या 'गॉन गर्ल' (२०१२) मध्ये हे भान वेगळ्या रूपाने परतते. तेथे मिसुरीतील एका मंदीने पोखरलेल्या गावातून पत्नी नाहीशी होते आणि मागे एक रोजनिशी ठेवते. रोजनिशी बनावट आहे. 'द वूमन इन व्हाइट'मध्ये मेरियनची रोजनिशी खरी होती आणि खलपुरुष तिच्यात स्वतःच्या हाताने चार ओळी लिहून जात असे. फ्लिन यांची नायिका ते काम कोणावर सोपवीत नाही. पर्सिव्हलला एका कोऱ्या जागेत एक नोंद घुसडावी लागली, तिने अख्खी वहीच रचली.

कॉन्स्टन्स केंटला १८६५ मध्ये फाशीची शिक्षा झाली, ती जन्मठेपेत बदलली गेली आणि १८८५ मध्ये ती सुटली. पुढल्या वर्षी ती ऑस्ट्रेलियाला गेली, रूथ एमिली के हे नाव तिने घेतले, परिचारिकेचे शिक्षण पूर्ण केले आणि अनेक वर्षे रुग्णांची सेवा केली. १९४४ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी ती वारली, ती याच नावाने.