मिरासदार, उपरी आणि बिबवेवाडी

पुण्याच्या दक्षिणेला, सातारा रस्ता आणि कोंढवा यांच्या मधल्या पट्ट्यात बिबवेवाडी आहे. आज हे नाव घेतले की डोळ्यांपुढे येतात त्या उंच सोसायट्या, मंगल कार्यालये, सिग्नलला खोळंबलेल्या रिक्षा आणि चढावर दाटीने वर सरकत गेलेल्या अप्पर आणि सुप्पर इंदिरानगरच्या वस्त्या. महापालिकेच्या एका क्षेत्रीय कार्यालयालाही हेच नाव आहे. एवढा सगळा पसारा झाला, तरी आपण तिला अजून 'वाडी'च म्हणतो.

वाडी म्हणजे काय? मुख्य गावापासून दूर, रानाच्या कडेला चार घरांनी धरलेला मुक्काम. एखाद्या घराण्याने जमीन कसायला घेतली, बैलांची ये-जा वाचावी म्हणून तिथेच छपरे घातली, की त्या घराण्याच्या नावाने वाडी उभी राही. धनकवड्यांची धनकवडी, तशी बिबव्यांची बिबवेवाडी. बिबवा म्हणजे बिब्ब्याचे झाड. त्याच्या फळाच्या काळ्या रसाने परीट कपड्यांवर खुणा करीत. कितीही धुतले तरी ती खूण जात नसे. वाडीच्या नावाचेही तसेच झाले आहे. शेते गेली, विहिरी बुजल्या, नाव राहिले.

अशा वाडीचा इतिहास लिहायचा कसा? इथे राजवाडा नाही, तहाचा कागद नाही. वाडीचा इतिहास म्हणजे तिच्यात राहिलेली माणसे. म्हणूनच किती माणसे होती आणि त्यांतली 'गावची' कोणाला म्हणायचे, हा प्रश्न वाटतो तितका कोरडा नाही.

या प्रश्नाला आपल्या जुन्या गावगाड्यात नेमके शब्द होते. ज्याच्या शेतावर वंशपरंपरेचा हक्क, तो मिरासदार. जो बाहेरून आला, कराराने जमीन कसू लागला आणि उद्या निघून जाऊ शकेल, तो उपरी. मिरासदाराला गावात मान, मानपान आणि पंचायतीत शब्द. उपऱ्याला यातले थोडे किंवा काहीच नाही. आजही आपण एखाद्याला टाकून बोलताना 'उपरा' म्हणतो, तो शब्द या व्यवहारातून आपल्या ओळखीचा झाला.

पण त्याच गावगाड्यात आणखी एक शब्द होता, तो मात्र आपण विसरलो. तो शब्द 'गतकूळ'. एखादे घराणे दुष्काळात परागंदा झाले किंवा त्याचा वंश खुंटला, की त्याची जमीन गतकूळ होई. ती जमीन गाव एखाद्या उपऱ्याला मिरासीने देऊ शके. त्याचा कागद होई आणि गोतसभेपुढे साक्षी पडत. ज्यांना लिहिता येत नसे ते आपल्या हत्याराचे चिन्ह काढीत. पाटलाचा नांगर असे. चांभाराची आरी असे. मुलाण्याची सुरी असे. त्या दिवसापासून कालचा उपरी आजचा मिरासदार होई. म्हणजे मिरासदारी ही काही आभाळातून पडलेली नव्हती. ती गावाने दिलेली होती, आणि बहुतेकांच्या पूर्वजांना कधी ना कधी अशीच मिळालेली होती.

मी मुलाण्याच्या सुरीचा उल्लेख मुद्दाम केला. मराठीत कविता वाचून दाखवली की कोणी तरी कौतुकाने मला विचारतेच, 'तुम्ही मूळचे कुठले?' विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. पण बारा बलुतेदारांच्या याद्यांत मुलाणी आहे. मशिदीची देखभाल तो करी, आणि हिंदू शेतकऱ्याच्या जत्रेचा बोकडही त्याच्याच हातून हलाल होई. सुगीला खळ्यावर त्याच्या पदरात बलुते पडे. गावाच्या कागदावर त्याची निशाणी आहे. आणखी मूळ ते कोणते सांगायचे?

बिबवेवाडीसारख्या, शहराला लागून असलेल्या गावांचे पुढे काय झाले, हे समजायला एक चांगले माप उपलब्ध आहे. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरोल्ड मान यांनी शहराच्या दुसऱ्या अंगाच्या पिंपळे सौदागर या छोट्या गावाची पाहणी केली आणि १९१७ साली ती प्रसिद्ध केली. त्यांनी जुनी दप्तरे चाळून काढलेला हिशेब असा : १७७१ मध्ये तिथे एका खातेदाराची सरासरी जमीन ४० एकर होती, १८१८ मध्ये साडेसतरा आणि १९१४-१५ मध्ये अवघी ७ एकर. गावातल्या १०३ कुटुंबांपैकी केवळ ८ कुटुंबे शेतीवर धड जगू शकत होती. २८ कुटुंबे बाहेरच्या मजुरीची जोड मिळाल्यामुळे तरत होती. उरलेल्या ६७ कुटुंबांचे दोन्ही मिळूनही भागत नव्हते.

म्हणजे पाहा, शहराने गाव गिळले असे आपण म्हणतो, ते अर्धेच खरे आहे. सोसायट्यांचा पहिला दगड पडण्याच्या कितीतरी आधी वाटण्यांनी शेत चिंधीएवढे झाले होते आणि मिरासदार स्वतःच मजुरीसाठी वेशीबाहेर पडला होता. दुसऱ्याच्या दारात उपरी होणे काय असते, हे त्याला ठाऊक झाले होते.

१५ फेब्रुवारी १९५० रोजी पुणे महापालिका स्थापन झाली. १९५१ च्या मोजणीत शहराची लोकसंख्या पाच लाखांच्या आत होती. २००१ मध्ये ती २५,३८,४७३ झाली, २०११ मध्ये ३१,२४,४५८. यातली बरीचशी माणसे दक्षिणेकडच्या अशा वाड्यांनी सामावून घेतली. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले, नदीकाठचे वाडे वाहून गेले, आणि शहराला कडेच्या माळाकडे पाहावे लागले. १९७२ चा दुष्काळ पडला आणि मराठवाड्यातून, नगर-सोलापूरकडून माणसे पोट हातावर घेऊन पुण्यात आली. पुढे गुलटेकडीला मार्केट यार्ड उभे राहिले. तिथल्या हमालाला, तोलणाराला, भाजी निवडणाऱ्या बाईला चालत जाण्याच्या अंतरावर छप्पर हवे होते. ते चढावरच्या वस्त्यांत मिळाले. 'ओटा' हे तर इथल्या एका वस्तीचे नावच आहे. ओटा म्हणजे जोते. आधी जोते, मग पत्रा, मग भिंत, मग वरचा मजला. बिबव्यांच्या पूर्वजांनी रानात छपरे घातली, त्याहून हे वेगळे नाही. फरक इतकाच, की 'अप्पर'च्या या उपऱ्यांना मिरासपत्र करून द्यायला गोतसभा उरली नव्हती.

या सगळ्यात आणखी एक गोष्ट घडली. गाव महापालिकेत गेले की जनगणनेच्या तक्त्यात त्याची वेगळी ओळ राहत नाही. तिथे प्रभाग येतात आणि प्रभागांच्या रेषा निवडणुकीगणिक सरकतात. जमिनीच्या कागदावर 'मौजे बिबवेवाडी' अजून जिवंत आहे, पण माणसांच्या मोजणीत ते मौजे नाही. जमिनीला गाव आहे, माणसांना नाही. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे पुण्याच्या हद्दीत आली. त्यांच्या वाट्याला हेच येणार आहे.

२०२१ ची जनगणना लांबली. आता नव्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख ठरवण्यात आली आहे. जनगणनेत माणसाचे जन्मठिकाण आणि आधीचे राहण्याचे ठिकाण विचारले जाते. हा रकाना फार बोलका आहे. आपल्या देशात स्त्रियांच्या स्थलांतराचे सर्वांत मोठे कारण लग्न हे आहे. म्हणजे जुन्यातल्या जुन्या मिरासदाराच्या घरातली आजी, आई आणि सून या तिघीही त्या रकान्यात बहुधा परगावच्याच निघतील. ज्या गावात घरोघरची चूल परगावाहून आलेल्या बाईने पेटवली, त्या गावाने बाहेरून आलेल्याला उपरा म्हणावे, याचे मला नवल वाटते.

१९७२ साली कडेवर मूल घेऊन आलेल्या बाया आज पंचाहत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. आपण कुठून निघालो, पहिली रात्र कुठे काढली, पहिला पत्रा कोणी दिला, हे त्यांना आठवते. वाडीतल्या जुन्या घराण्यांतही विहिरींची, बांधांची नावे सांगणारी म्हातारी माणसे आहेत. इथल्या शाळांनी, गणेश मंडळांनी, वाचनालयांनी एक वही घालावी आणि दोघांचेही सांगणे एकाच वहीत उतरवून घ्यावे. खाली ज्याची त्याची निशाणी असावी. नांगर असो, सुरी असो, हमालाचा आकडा असो. जनगणना माणसे मोजून नेईल. गाव कोणाकोणाचे आहे, हे मात्र गावालाच लिहून ठेवावे लागेल.