बेगमी : मराठी घराच्या वार्षिक नियोजनाचा इतिहास

पुढे लागणाऱ्या वस्तू वेळेआधी जमवून ठेवणे म्हणजे बेगमी. मराठी मुलखात तिचे वेळापत्रक पावसाने ठरवले. मृगाच्या सरी सुरू झाल्या की घाटवाटा बंद पडत, ओढ्यानाल्यांना पूर येऊन आठवडी बाजार मोडत. कोकण किनाऱ्यावर गलबते आणि मचवे ओढून शाकारून ठेवले जात आणि नारळी पौर्णिमेपर्यंत बंदरांतली वर्दळ थांबे. त्यामुळे जे आणायचे, वाळवायचे, कुटायचे आणि भरायचे, ते पावसाआधी. कोकणात या कामांना आगोटीची तयारी म्हणतात. गोव्यात त्याच कामांना ‘पुरुमेंत’ म्हणतात, आणि मडगावच्या चर्चच्या फेस्ताला त्यासाठीचा बाजार भरतो. सुकी मासळी, मिरची, चिंच, सोले, गूळ आणि मडकी घेण्यासाठी आसपासच्या गावांतली माणसे तिथे येतात. धर्म वेगळा असला तरी पाऊस एकच होता.

बेगमी फक्त पोट भरण्यासाठी असती, तर तिचा इतिहास धान्याच्या कोठारापाशीच संपला असता. तिला गुंतागुंतीचे रूप दिले सणांनी. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंतच्या चातुर्मासात नागपंचमी, नारळी पौर्णिमा, गोकुळाष्टमी, पोळा, गणपती, गौरी, नवरात्र, दसरा आणि दिवाळी एकामागून एक येतात. यांतले बरेचसे सण नेमके जुने धान्य सरत आलेले आणि नवे पीक अजून शेतात उभे असते तेव्हा येतात. देशावरची रब्बीची ज्वारी आणि गहू फाल्गुन-चैत्रात घरात येत, कोकणातला भात दसरा-दिवाळीच्या सुमारास कापला जाई. भाद्रपद म्हणजे वर्षातला तळ गाठलेला महिना, आणि त्याच महिन्यात पाहुण्यांनी घर भरायचे. म्हणून उन्हाळ्यात भरलेल्या डब्या-मडक्यांतले काही सणांच्या नावाने बाजूला निघे आणि एरवी त्याला हात लागत नसे. कोकणातल्या दिवाळीकडे पाहिले की हा हिशेब चटकन कळतो. तोवर नवे भात आलेले असते. त्यामुळे तिथली जुनी दिवाळी नव्या भाताच्या पोह्यांवर भागते आणि साऱ्या तयारीचा भार गणपतीवर पडतो. देशावर आणि शहरांत मात्र फराळाच्या डब्यांनी दिवाळी मोठी केली.

हीच शिस्त राज्यकारभारातही होती. शिवकाळापासून किल्ल्यावर हवालदार, सबनीस आणि कारखानीस असे तीन जबाबदार अधिकारी असत. त्यांपैकी कारखानिसाकडे धान्यसाठा आणि सामानसुमान असे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडावरच्या पाण्याचा, इमारतींचा आणि संचयाचा तपशीलवार विचार आहे. पेशवाईत श्रावणमासाच्या दक्षिणेसाठी दूरदूरचे ब्राह्मण पुण्यात जमत. ऐन पावसाळ्यात एवढ्या लोकांच्या शिध्याची सोय करायची, तर ती वैशाखातच लावून ठेवणे भाग होते. मोठ्या वाड्यांमधली कोठीची खोली, तिच्या किल्ल्या सांभाळणारी वडीलधारी बाई आणि रोज मोजून काढून दिला जाणारा शिधा ही त्या व्यवस्थेची घरगुती आवृत्ती म्हणता येईल.

साठवणीची साधने गावातच तयार होत. बुरूड बांबूची कणगी विणून देई, ती शेणामातीने लिंपली की तिच्यात भात किंवा गहू भरता येई. कुंभाराकडची मडकी एकावर एक रचून उतरंड उभी राही. दही-लोणी शिंकाळ्यावर टांगले जाई. देशावर ज्वारीसाठी जमिनीत पेव खणत. तोंडाशी अरुंद आणि आत प्रशस्त असलेल्या या खड्ड्यात कडबा लावून धान्य भरत आणि वरून माती दाबून तोंड बंद करत. हवा न लागल्याने धान्य वर्षानुवर्षे टिके. मात्र पेव उघडल्यावर आत विषारी वायू साचलेला असे, आणि घाईने उतरलेली माणसे दगावल्याच्या घटना या प्रदेशाला नवीन नाहीत. सांगलीजवळच्या हरिपूरची पेवे हळदीसाठी प्रसिद्ध होती. २००५च्या महापुराने त्यांचे मोठे नुकसान केले. डाळीला एरंडेल तेल, कडधान्याला राख, धान्यात कडुलिंबाचा पाला हे किडीविरुद्धचे उपाय घरोघर ठाऊक होते.

खरी धांदल चैत्र-वैशाखात. मकर संक्रांतीनंतर ऊन तापू लागले की कामांची रांग लागे, आणि ती रांग ऊन, फळ आणि पाऊस या तिघांच्या वेळा सांभाळून लावलेली असे. नवा गहू आला की कुरडया. गहू तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचे, मग वाटून, गाळून चीक काढायचा, तो शिजवायचा आणि सोऱ्यातून कापडावर पाडायचा. शिजलेला चीक खायला मिळावा म्हणून मुले पहाटे उठत. त्याच मुलांना दिवसभर काठी घेऊन कावळे हाकण्याच्या कामाला बसवले जाई, म्हणजे चीक काही फुकट मिळत नसे. उडदाच्या पापडांसाठी पापडखार घालून पीठ मळायचे आणि ते मऊ होईपर्यंत कुटायचे. लाट्या तेलात बुडवून खाण्याचा मोह मोठ्यांनाही आवरत नसे. शिवाय सांडगे, शेवया, सालपापड्या, फेण्या, मिरगुंडे. त्यातल्या शेवयांना जागा आणि हात दोन्ही फार लागत, म्हणून शेजारणी आज एकीच्या आणि उद्या दुसरीच्या घरी जमत. या बदल्यात पैसा नव्हता, पण कोण किती आली याची नोंद साऱ्यांच्या मनात पक्की असे.

मसाल्याचा दिवस वेगळा. मिरची वाळवून, देठ खुडून, खडे मसाले तेलावर परतून उखळात किंवा कांडपावर कुटायचे. एका घराचा मसाला दुसऱ्यासारखा नसे. पुण्याकडे गोडा, मराठवाड्यात काळा, कोल्हापुरात कांदा-लसणाचा, सिंधुदुर्गात मालवणी, किनाऱ्यावर आगरी. मुंबईच्या ईस्ट इंडियन वस्त्यांत बाटलीत भरून ठेवायचा मसाला पावसाआधी करतात, आणि तो कुटायला येणाऱ्या बायकांच्या टोळ्या दरवर्षी त्याच घरांतून फिरत असत. मसाला वर्षाचा एकदाच होई. त्यामुळे मिरची जळाली किंवा मीठ चुकले, तर ती चूक बारा महिने ताटात दिसे.

कोकणात आंब्या-फणसाचे आणि रातांब्यांचे दिवस एकदमच येतात. आंबापोळी आणि फणसपोळी ताटांत पसरून वाळवायच्या, कोकमाची साले त्याच्याच रसात पुन्हा पुन्हा बुडवून आमसुले करायची, कैरीचे लोणचे चिनी मातीच्या बरण्यांत दडपून वर तेल ओतायचे. ही कामे पहिला पाऊस पडण्याआधी संपली पाहिजेत. त्यासाठी नक्षत्रांचा हिशेब पंचांगात पाहिला जाई, आणि पंचांग भटजींकडून ऐकले जाई. छापखान्यामुळे ते हळूहळू घरात आले. १९व्या शतकात गणपत कृष्णाजींच्या मुंबईतील छापखान्यातून मराठी पंचांगे निघाली. पुढे सोलापूरच्या दाते पंचांगाने घराघरात जागा मिळवली.

पाऊस ओसरला की दुसरा हंगाम सुरू. पश्चिम महाराष्ट्रात आणि मराठवाड्यात घटस्थापनेपूर्वी ‘दसरा काढतात’. गोधड्या, वाकळा, पांघरुणे नदीवर नेऊन धुवायची, भिंती पोतारायच्या, जमिनी सारवायच्या, उतरंड उतरवून एकेक मडके पुसायचे. तांब्यापितळेच्या भांड्यांना कल्हई लावायला कल्हईवाला याच सुमारास दारी येई. ही स्वच्छता घटस्थापनेशी बांधलेली असल्याने तिला पुढे ढकलण्याची सोय नव्हती. फराळातही काही पदार्थांना आधी सुरुवात लागे. अनारशांचे तांदूळ तीन दिवस भिजवून, वाळवून, दळून गुळात मळलेले पीठ कित्येक दिवस मुरायला ठेवावे लागते. गणपतीची तयारी तर मूर्तीपासून सुरू होई. कोकणात सणाच्या कितीतरी आधी घरचा पाट मूर्तिकाराकडे नेऊन देत. पाट दिला म्हणजे मूर्ती ठरली.

या साऱ्या शिस्तीमागचे श्रम बायकांचे होते, आणि त्यांचा मोठा भाग सासुरवाशिणी आणि विधवांनी उचलला. घरात राहणाऱ्या विधवेला सणाच्या समारंभात स्थान नसे, पण सोवळ्यातले पापड आणि लोणचे करताना तिचेच हात लागत. विटाळाचे नियम तर बरणीपर्यंत पोहोचलेले. बाजूला बसलेल्या बाईची सावलीही लोणच्यावर पडता कामा नये. साठ्याच्या खोलीत कोणी जायचे आणि कोणी दारातूनच परतायचे हे जातीनेही ठरवले होते. शिवाय बेगमीसाठी आधी काहीतरी शिल्लक लागते. भूमिहीन कुटुंबाकडे वर्षाचे धान्य साठवायला नव्हते. त्याच्या वाट्याला आषाढ-भाद्रपदाची उपासमार आणि सावकाराकडची उचल येई. वर्षभराची आखणी हा मराठी संस्कार असल्याचे पुष्कळदा सांगितले जाते. प्रत्यक्षात तो शेती किंवा पगार असलेल्या घराचा संस्कार होता.

इंग्रजी अमलात दळणवळण बदलले आणि बेगमीचा पाया सैल होऊ लागला. १८३०मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता झाला. १८५३मध्ये मुंबई ते ठाणे आगगाडी धावली आणि पुढच्या दहा वर्षांत तिने बोरघाट ओलांडला. आता पावसातही देशावरचा गहू आणि गूळ मुंबईत उतरू लागला. २०व्या शतकात पिठाच्या गिरण्या गावोगाव आल्या आणि पहाटेचे जाते थांबत गेले. जात्याने बायकांच्या दिवसाची सुरुवात ठरवली होती. त्यावरच्या ओव्यांचे हेमा राइरकर आणि गी पॉइटवँ यांनी केलेले संकलन लाखाच्या घरात आहे. गिरणीने पहाटेचे काही तास मोकळे केले, आणि ओव्या म्हणण्याची जागाही नेली.

मुंबईच्या कापड गिरण्यांनी आणि कचेऱ्यांनी नियोजनाचे मापच बदलले. शेतकरी वर्षाचा हिशेब करत असे, पगारदाराचा हिशेब महिन्याचा झाला. पगाराच्या दिवशी वाण्याकडे यादी जाऊ लागली, आणि उधारीची वही घराच्या नियोजनाचा कणा झाली. चाळीतल्या एका खोलीत कणगी ठेवायला जागा नव्हती. वाळवण गच्चीवर गेले आणि तिथे कोणाचे कापड कुठे पसरायचे यावरून भांडणे झाली. १९४३मध्ये मुंबईत शिधावाटप सुरू झाल्यावर वर्षाची बेगमी शहरी घराच्या आवाक्यातून जवळजवळ गेली. दिवाळीला शिधापत्रिकेवर मिळणारी जादा साखर कधी येते यावर लाडूंचा बेत ठरे. दिवाळीच्या एकदम येणाऱ्या खर्चासाठी बायकांनी भिशीत दर महिन्याला थोडे थोडे टाकले. साठा धान्याचा होता, तो आता पैशाचा झाला. चाकरमान्यांच्या कोकणातल्या घरी मात्र जुनी पद्धत टिकली. मे महिन्यात गावी गेलेली माणसे परतताना आमसुले, कुळीथ आणि मसाला घेऊन येत. बेगमी गावात होई आणि खपत असे मुंबईत.

तोंडी चालत आलेले ज्ञान याच काळात छापील झाले. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५मध्ये निघाले. लक्ष्मीबाई धुरंधर यांच्या ‘गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया’ या पुस्तकाने पुढच्या पिढीला वाट दाखवली. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९मध्ये पुण्यात सेवासदन सुरू झाले, तर धोंडो केशव कर्वे यांच्या १९१६च्या महिला विद्यापीठात घरव्यवस्था हा अभ्यासाचा विषय ठरला. १९३०मध्ये किर्लोस्करांचे ‘स्त्री’ मासिक निघाले. सासूकडून शिकायची गोष्ट पुस्तकातून शिकता येऊ लागली, आणि वेगळा संसार थाटलेल्या सुनेला पुस्तकांचा फार मोठा आधार झाला. कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’चे १९७०पासूनचे यश याच वाचकवर्गावर उभे आहे. मुठीच्या अंदाजाऐवजी त्यांनी वाटी-चमच्याचे माप दिले. १९७३मध्ये जयंत साळगावकरांचे ‘कालनिर्णय’ भिंतीवर आले. पंचांग, सणवार आणि सुट्ट्या एका पानावर आणि मागे पाककृती. दुधाचे खाडे, गॅसच्या टाकीची तारीख, शाळेची फी असे सारे त्याच चौकोनांत लिहिले गेल्याने ते पुष्कळ मराठी घरांचे सामायिक वेळापत्रक ठरले.

उरलेले काम बाजाराने उचलले. गिरगावातल्या बेडेकरांची लोणची आणि मसाले दुकानांत आले. १९५९मध्ये गिरगावातच सात गुजराती बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, त्यातून ‘लिज्जत’ उभे राहिले. पुण्यात हुकमीचंद चोरडिया यांनी १९६२मध्ये मसाल्याचा उद्योग सुरू केला. गिरणगावात खाणावळी चालवणाऱ्या बायकांना प्रेमा पुरव यांनी १९७५मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणले. या उद्योगांचे एक महत्त्व फारसे बोलले जात नाही. घरात बिनमोल समजल्या गेलेल्या कामाला त्यांनी दर लावला. पापड लाटण्याला मजुरी असते हे एकदा ठरल्यावर घरातल्या लाटण्याकडेही वेगळ्या नजरेने पाहिले जाऊ लागले. त्या अर्थाने विकतचा पापड हे अधःपतन मानण्याचे कारण नाही.

आज कणगी आणि पेव दिसेनासे झाले आहेत आणि उतरंड हॉटेलांच्या सजावटीत उरली आहे. वर्षाचा मसाला मात्र अजूनही एप्रिल-मे महिन्यांत कांडपावर कुटून घेतला जातो, कारण घरची चव पाकिटात मिळत नाही यावर अजून एकमत आहे. लवकर तयारी सुरू करण्याची सक्ती आता पावसाऐवजी अंतर करते. पेणच्या कारखान्यांतून परदेशी जाणाऱ्या गणेशमूर्ती सणाच्या काही महिने आधी जहाजावर चढतात, आणि परदेशातल्या मुलांसाठीचा फराळ दिवाळीच्या पुष्कळ आधीच तळून, डब्यांत भरून कुरिअरच्या हवाली होतो.