एरंडेल, चामडं आणि ब्रेकचा पेडल

आजचा भाग ब्रेकवर आहे. दिवसभर कोड लिहिणारा माणूस ब्रेकवर का बोलतोय, तर दिवाळीला यवतमाळला गेलो होतो तेव्हा बाबांच्या जुन्या गाडीचा पेडल पायाखालून खाली गेला. पुसदच्या रस्त्यावर उतार होता आणि मागे आई बसलेली. पेडल बराच खाली गेला, मग कशालातरी अडला आणि गाडी थांबली. आईला कळलंसुद्धा नाही. मला मात्र घाम फुटला होता.

तो अडला कशामुळे, हे समजून घ्यायला आपल्याला शंभर वर्षं मागे जावं लागेल.

सुरुवातीच्या मोटारींत ब्रेक म्हणजे सळ्या आणि तारा. पेडल दाबला की सळी ओढली जायची आणि चाकाजवळचा पट्टा आवळायचा. अडचण अशी की चारही चाकांना सारखा ताण बसेलच याची खात्री नाही. एक तार सैल असली की गाडी एका बाजूला ओढणार. द्रवावरचा दाब सगळीकडे सारखा पोहोचतो, हे पास्कलने सतराव्या शतकातच सांगितलं होतं. ते ब्रेकमध्ये आणलं माल्कम लॉकहीडने. हो, विमानवाले लॉकहीड! त्या कंपनीवाल्या ॲलनचा हा भाऊ. त्याने १९१७ मध्ये पेटंट घेतलं आणि १९२१ च्या ड्यूसेनबर्ग मॉडेल ए मध्ये चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक आले.

आयडिया भारी, पण गळती होती. दट्ट्यावर तेल अडवायला चामड्याच्या वाट्या होत्या, आणि चामडं ते, झिरपणारच. १९२४ मध्ये क्रायस्लरने आपली पहिली गाडी काढली तेव्हा त्यांच्या इंजिनिअरांनी तिथे रबराच्या वाट्या घातल्या. माझ्या मते खरा शोध हाच, पण नाव झालं पेटंटवाल्याचं. फोर्ड मात्र १९३९ पर्यंत सळ्या-तारांवरच अडून बसली होती.

आता गंमत ऐका. त्या काळचं ब्रेक ऑइल म्हणजे एरंडेल आणि अल्कोहोलचं मिश्रण! आपल्याकडे आजी पोट साफ करायला द्यायची, तेच एरंडेल. कारण सरळ होतं: रबर एरंडेलात टिकतं, पण इंजिन ऑइलमध्ये फुगून खराब होतं. आज ग्लायकॉलचं ऑइल असतं, तरी नियम तोच. ब्रेकच्या डबीत इंजिन ऑइल कधीच टाकायचं नाही.

भारतात हे तंत्र जीपमधून गावोगावी गेलं. मग कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली फियाट आली, तिचीच पुढे पद्मिनी झाली. चारही चाकांना ड्रम. जुन्या विलीज जीपमध्ये मास्टर सिलिंडरात एकच दट्ट्या आणि एकच लाइन असायची. वाटी गेली की चारही चाकांचा ब्रेक गेला. मग ड्रायव्हर धपाधप पेडल मारणार, नाहीतर हँडब्रेक ओढणार. बाबा सांगतात, त्यांच्या लहानपणी जीपमध्ये बसलं की म्हातारी माणसं ड्रायव्हरच्या पायाकडेच बघत राहायची.

पुढे एकाच सिलिंडरात एकामागे एक दोन दट्ट्या आले, प्रत्येकाची लाइन वेगळी. अमेरिकेत १९६८ पासून नव्या मोटारींना ते सक्तीचं झालं. पहिल्या दट्ट्याची वाटी गेली तर तो पुढे सरकत जातो आणि दुसऱ्याला जाऊन टेकतो. तिथून पुढे अर्धा ब्रेक लागतो. पुसदच्या उतारावर पेडल ‘अडला’ तो इथेच.

पण वाटी गेली कशाने? इथे मला कबुली द्यायची आहे.

आधी एका गॅरेजवाल्याने सांगितलं होतं, ‘हवा शिरली असेल.’ मी म्हटलं, हे तर घरीच होईल. व्हिडिओ पाहिला, बाबांना पेडलवर बसवलं आणि सांगितलं, पार खालपर्यंत मारा. जुन्या सिलिंडरात हेच करायचं नसतं. रोजच्या वापरात दट्ट्या थोडाच सरकतो. पुढच्या भागात, जिथे तो कधी जातच नाही, गंज साचलेला असतो. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं ना, त्याचा हा गंज. मी वाटीची धार त्या गंजावरून घासून काढली होती.

दारव्हा रोडवरच्या काकांनी हे दहा मिनिटांत पकडलं. डबीतलं ऑइल कमी झालेलं नव्हतं, चाकाजवळ ओल नव्हती, म्हणजे बाहेर गळती नाही. पेडल स्पंजासारखा लागत नव्हता, म्हणजे हवा नाही. दोनतीनदा मारल्यावर वर येऊन वरच राहिला असता तर मागचे शू झिजले असावेत, असं म्हणता आलं असतं. तसंही नव्हतं. मग इंजिन चालू ठेवून मला म्हणाले, ‘हळू दाब अन् धरून ठेव.’ पेडल लिफ्टसारखा खाली गेला. ‘आता जोरात मार.’ थांबला! जोरात मारलं की दाबाने वाटीची धार फुलते आणि भिंतीला चिकटते. हळू दाबलं की तेल बाजूने मागे निसटतं. म्हणूनच गल्लीतल्या चक्करमध्ये, कचकन ब्रेक मारून पाहताना, मला सगळं ठीक वाटलं होतं.

‘तू कम्प्युटरवाला आहे ना? मंग आधी एरर पाह्य ना बाप्पा, दुरुस्तीची घाई काऊन केली?’

मी गप्प.

किट टाकून भागेल का विचारलं. त्यांनी सिलिंडर उघडून बोट फिरवायला लावलं. आत खड्डे लागत होते. नवी वाटी त्यावर पुन्हा फाटली असती, म्हणून अख्खा मास्टर सिलिंडर बदलला. झाकणावर डॉट ३ लिहिलं होतं, तेच ऑइल सीलबंद डबीतून घेतलं. कोरडं असताना हे निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी मुरलं की मर्यादा १४० वर येते. यवतमाळच्या मे महिन्यात हा फरक छोटा नाही. हवा काढताना काकांनी पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवला होता. ही सवय, म्हणे, जुन्या गाड्यांपासूनची.

नंतर इंजिन चालू ठेवून मिनिटभर पेडल हळू दाबून धरला. हलला नाही. मग मोकळ्या मैदानात सावकाश चालवून पाहिलं, आणि त्यानंतरच रस्त्यावर काढली.

आईला हे सगळं अजून सांगितलेलं नाही. ती पॉडकास्ट ऐकत नाही, तेवढं बरं आहे.